पुंगळी, टिकली आणि घरचा हिशोब

सुरुवात एका हिशोबाच्या कागदाने करू. साल १७७६, गाव लिचफिल्ड, राज्य कनेटिकट. कागदावर नावं आणि पुढे आकडे आहेत. मिसेस मार्विन ६,०५८. रूथ मार्विन ११,५९२. लॉरा ८,३७८. मेरी अ‍ॅन १०,७९०. फ्रेडरिक ९३६. मिसेस बीच १,८०२. आणखी किरकोळ मंडळींचे २,१८२. मग दोन फुटकळ नोंदी, ५० आणि ३००. एकूण बेरीज ४२,०८८. (मी करून पाहिली, बरोबर येते. सवयच आहे.)

हे आकडे बंदुकीच्या गोळ्यांचे आहेत. लॉरा, मेरी अ‍ॅन आणि फ्रेडरिक ही ऑलिव्हर वोल्कॉट यांची मुलं. वोल्कॉट म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या घरामागच्या बागेत शिसं वितळवून साच्यात ओतायचं काम चाललं होतं आणि ते घरच्या नि शेजारच्या बायका-मुलांनी केलं. धाकटा फ्रेडरिक तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. ९३६ गोळ्या झाल्यावर त्याला कंटाळा आला असणार, असा आपला माझा अंदाज.

शिसं आलं कुठून? ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या सैनिकांना जाहीरनामा वाचून दाखवला गेला. त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन चौकातला राजा तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे लिचफिल्डला पोचले. (सगळे नाही. राजाच्या बाजूच्या लोकांनी वाटेत काही लंपास केले आणि ते पुढे विल्टन गावाच्या आसपास सापडत राहिले.) राजाच्या फौजेवर आता राजाच वितळवून झाडला जाणार, असा विनोदही तेव्हा लोकांनी करून घेतला.

हा कागद मला आवडतो, कारण आज अमेरिकेत 'रिलोडिंग' नावाचा जो छंद आहे त्याचा सगळा प्रश्न त्यात आहे. रिलोडिंग म्हणजे झाडून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उचलायची, घरी आणायची आणि तळघरात बसून ती पुन्हा भरायची. तिथे कुटुंबच्या कुटुंबं शनिवारी-रविवारी नेमबाजीला जातात, आपण मुलांना घेऊन क्रिकेटच्या मैदानावर जातो तशी. चौघांनी दोन तास फटफट केली की खिशाला चांगलीच चाट बसते. मग कोणीतरी सांगतं, "अरे, घरी भर, निम्म्यात पडेल." माझ्या एका जुन्या प्रोजेक्टवरच्या सहकाऱ्याचं तळघर मी पाहिलंय. टेबलाला घट्ट बोल्ट केलेलं एक लोखंडी दाबयंत्र, आमच्याकडे शेवयांचा सोऱ्या बसवतात तसं. शेजारी लोणच्याच्या बरण्यांसारख्या ओळीने लावलेल्या पुंगळ्या, नि एक वही. "पैसे खरंच वाचतात का?" असं मी विचारलं, तर तो नुसता हसला. त्याची बायको मात्र हसली नाही :-)

(एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा पाककृतीचा लेख नाही. काय किती घालायचं वगैरे इथे काहीही मिळणार नाही. भारतात परवान्याशिवाय हे करणं सरळसरळ गुन्हा आहे, त्याबद्दल पुढे येईलच. मला रस आहे तो हिशोबात.)

तर हिशोब. काडतुसात चार गोष्टी असतात: गोळी, दारू, पुंगळी आणि टिकली. टिकली हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दिवाळीत आपण पिस्तुलात घालून फोडायचो ती टिकली आणि काडतुसाच्या बुडातला तो छोटासा पेटवणारा तुकडा, दोघींची कल्पना एकच. ठोका बसला की ठिणगी. या चारांपैकी काय घरी करता येतं आणि काय कारखान्यातूनच आणावं लागतं, यावर दोन-अडीचशे वर्षं सगळं अवलंबून राहिलंय.

लिचफिल्डच्या काळात गोळी घरची होती. बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचा मिळायचा. शेगडी, पळी आणि शिसं असलं की झालं. आपण 'बारा बोरची बंदूक' म्हणतो ना, तो बारा आकडा याच घरगुती हिशोबातून आलाय. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर ती गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. म्हणून वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा अरुंद. आकडा वाढला की भोक लहान, हे उलटं प्रकरण मला लहानपणापासून छळत होतं, त्याचं उत्तर असं स्वयंपाकघरात निघालं. पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांनी ज्या लांब नळीच्या रायफली बनवल्या, त्यांचं तोंड फौजी मस्केटपेक्षा बरंच लहान असायचं. त्याची कारणं अनेक, पण एक अगदी संसारी कारण असं, की पौंडभर शिशात मस्केटच्या चौदा-पंधरा गोळ्या निघत असतील तर अर्ध्या इंचाच्या रायफलच्या चाळीसेक निघतात. जंगलात आठवडे काढणाऱ्या माणसाला ते ओझं स्वतःच्या पाठीवर वाहायचं असायचं.

दारू मात्र तेव्हाही घरची नव्हती. सोरा, गंधक, कोळसा ही सामग्री सगळ्यांना ठाऊक होती, पण चांगली दारू करणं वेगळं. स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बंडखोर वसाहतींची बहुतेक दारू समुद्रापलीकडून, मुख्यतः फ्रान्सच्या मदतीने आली. लाव्हाझिएच्या हाताखाली शिकलेल्या एल्यूथेर इरेने ड्यू पाँ याने १८०२ मध्ये डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीकाठी दारूची गिरणी काढली, ती यामुळेच चालली. नायलॉन आणि टेफ्लॉनवाली ड्यू पाँ कंपनी ती हीच.

पेटवायचं काम तेव्हा गारगोटी करायची, त्यामुळे टिकलीचा प्रश्नच नव्हता. तो आणला एका पाद्र्याने. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी आधी दिसायची आणि बदकं बुडी मारायची. त्यांनी ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे त्याची तांब्याची इवलीशी टोपी झाली. पावसात बंदूक चालायला लागली, सगळे खूश. पण घरच्या हिशोबाच्या दृष्टीने त्या दिवशी एक मोठी गोष्ट घडली: बंदूक चालवायला आता अशी एक वस्तू लागणार होती, जी शेगडीवर होणार नव्हती.

हे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेला फार जाणवलं. दक्षिणेकडे कारखाने कमी, बंदरांची नाकेबंदी झालेली. गोळ्यांसाठी शिसं गोळा झालं, सोऱ्यासाठी गुहांतली माती खणली गेली. सोरा कमी पडला तेव्हा १८६३ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या सरकारी एजंटाने बायकांना जाहीर आवाहन केलं, की घरातलं रात्रीचं मूत्र फेकू नका, आमची गाडी येऊन घेऊन जाईल. (त्यावर दोन्ही बाजूंनी ज्या कविता रचल्या गेल्या त्या इथे देण्यासारख्या नाहीत.) पण टिकल्यांसाठी तांबं हवं, ते कुठून आणायचं? तर नॉर्थ कॅरोलिनातल्या टर्पेंटाइनच्या आणि सफरचंदाची ब्रँडी गाळायच्या भट्ट्यांतून. एका दारूच्या भट्ट्या मोडून दुसऱ्या दारूच्या टिकल्या केल्या. हा श्लेष मराठीत जमतो, बिचाऱ्या इंग्रजांना त्याचं सुख नाही.

श्लेषावरून आठवलं, १८५७. काडतूस म्हटलं की आपल्याला तीच गोष्ट आठवते. एन्फील्ड रायफलचं ते काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. पुडी दातांनी फाडायची, नि तिला चरबी लावलेली. डमडमला कुजबूज सुरू झाल्यावर जानेवारी १८५७ मध्ये कंपनी सरकारने काय मार्ग काढला, हे शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही: काडतुसं चरबीशिवाय देऊ, शिपायांनी बाजारातून आपल्याला चालेल ते तूप-मेण आणून स्वतः लावावं. म्हणजे शेवटचा हात घरचा! पण तोवर विश्वास उडाला होता, आणि संशय चरबीवरून कागदावर सरकला. त्याच १८५७ साली तिकडे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला स्मिथ अँड वेसन कंपनीने एक लहानसं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचं काडतूस तांब्याचं होतं, एका तुकड्यात सगळं. पॉइंट टू-टू शॉर्ट. ते आजही मिळतं.

या तांब्याच्या काडतुसात पेटवायचं रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. घोडा कडेवर आपटतो, कड चेपते, पेट घेते. चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. वापरा आणि फेका. नेमबाजी शिकणारं पोर आजही जगभर याच जातीच्या टू-टूवर शिकतं, कारण ते सगळ्यात स्वस्त. म्हणजे गंमत बघा, घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त लागणारं काडतूस नेमकं घरी भरता न येणारं.

मोठ्या काडतुसांत मात्र टिकली वेगळी, मधोमध बसवलेली असावी, असं ठरत गेलं. इथे इतिहासातला माझा सगळ्यात आवडता डिझाइन डिसिजन येतो. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी दोन टिकल्या काढल्या. एक हायरम बर्डन, अमेरिकन, यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचा कर्नल. दुसरा एडवर्ड बॉक्सर, इंग्लंडमधल्या वूलिच इथल्या शाही दारूगोळा प्रयोगशाळेचा प्रमुख. टिकली फुटायला तिच्या खाली एक छोटी ऐरण लागते. बर्डनने ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि आगीसाठी तिच्या बाजूला दोन बारीक भोकं ठेवली. बॉक्सरने ऐरण टिकलीच्या आत घातली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं.

एवढाच फरक. पण मधोमध भोक असेल तर आतून एक सळई घालून जुनी टिकली टक्कन बाहेर काढता येते. बाजूला दोन भोकं आणि मध्ये ऐरण असेल तर सळई अडते, टिकली काढायची म्हणजे उपद्व्याप. बर्डनची पद्धत कारखान्याला सोयीची, बॉक्सरची पुंगळी पुन्हा वापरणाऱ्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकदा वापरायचा गुंतागुंतीचा भाग कायमच्या भागापासून वेगळा ठेवावा, हे बॉक्सरला कळलं होतं. नियतीचा विनोद असा की अमेरिकन बर्डनची टिकली युरोपच्या फौजांनी उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने. फौजेला पुंगळ्या गोळा करायच्या नसतात. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला करायच्या होत्या, कारण पुंगळी हा काडतुसाचा सगळ्यात महाग भाग आणि दुकान दोन दिवसांच्या वाटेवर. आज रिलोडिंग हा मुख्यतः अमेरिकन छंद आहे याचं एक मोठं कारण हे एक भोक आहे.

१८७० च्या दशकात मैदानी प्रदेशात कातड्यांसाठी गवे मारणाऱ्या टोळ्यांनी हे तंत्र धंद्यासारखं वापरलं. शिसं आणि दारू घाऊक, दिवसभर बंदूक, रात्री शेकोटीपाशी उद्याची काडतुसं. काडतूस स्वस्त पडलं म्हणूनच तो संहार इतका परवडला, हेही त्याच हिशोबात धरायला हवं. एका दशकात मैदानं रिकामी झाली आणि त्या गव्यांवर जगणाऱ्या मूळ जमातींची उपासमार झाली. स्वस्ताई कुणाच्या नावावर पडते ते वहीत लिहिलेलं नसतं.

सैन्याची गोष्ट उलटी. सैन्याचं काडतूस तेव्हा तांब्याचं, टिकली आत दडवलेली, परत न भरता येणारं. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी कापली गेली, त्यानंतर सैनिकांना नेम नीट मारता येत नाही ही ओरड वाढली. सराव वाढवायचा तर काडतुसं हवीत, काडतुसं म्हणजे पैसा. मग १८८० च्या दशकात सैन्य बाहेरून टिकली बसवायच्या पुंगळीवर आलं आणि छावण्यांना काडतुसं भरायची हत्यारं दिली गेली. सैनिकांनी पुंगळ्या वेचायच्या, धुवायच्या, पुन्हा भरायच्या. सरकारी काटकसरीचं इतकं नितळ उदाहरण विरळाच.

नागरिकांसाठी हेच काम जॉन बार्लो या गृहस्थाने केलं. त्याने १८८४ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला आयडियल नावाची कंपनी काढली. तिचं प्रसिद्ध हत्यार दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखं. काही प्रकारांत त्याच्याच एका टोकाला गोळीचा साचाही. सगळा कारखाना कोटाच्या खिशात. बरोबर 'आयडियल हँडबुक' नावाची पुस्तिका. हत्याराइतकीच ती महत्त्वाची होती, कारण आजवर जे ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं ते आता छापील झालं.

आणि नेमकं तेव्हाच सगळं बदललं. १८८४ मध्येच फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू बनवली. १८९५ पर्यंत अमेरिकेत विंचेस्टरचं थर्टी-थर्टी काडतूस तीच दारू घेऊन सामान्य शिकाऱ्यापर्यंत पोचलं. जुनी काळी दारू एका अर्थाने भोळी होती; पुंगळी काठोकाठ भरायची, त्याहून जास्त घालायला जागाच नाही. नवी दारू थोड्या जागेत खूप ताकद. चुकून दुप्पट पडली तरी पुष्कळदा पुंगळीत मावते आणि मग बंदूक फुटते, चेहऱ्यापाशी. शिवाय नव्या वेगाला नुसतं शिसं टिकेना, त्यावर तांब्याचं कवच आलं, ते शेगडीवर होत नाही. त्यातच टिकलीतला पारा पितळेत शिरून पुंगळी ठिसूळ करू लागला. काळ्या दारूची भरपूर काजळी त्या पाऱ्याला पातळ करायची, नव्या दारूला काजळीच नव्हती. म्हणजे गोळी, दारू, पुंगळी, तिन्ही एकदम घराबाहेर गेल्या. कारखान्यांनीही सांगायला सुरुवात केली, की घरी भरलेल्या काडतुसांची जबाबदारी आमची नाही. ते त्यांच्या फायद्याचं होतं, पण खोटं नव्हतं. पुढची चाळीसेक वर्षं रिलोडिंग हा चिकाटीच्या आणि थोड्या विक्षिप्त लोकांचा उद्योग होऊन राहिला.

तो परत घराघरांत गेला दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्ध चालू असताना नागरिकांसाठी काडतुसं आणि तांबं जवळजवळ बंद. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. रेंजवर पडलेल्या टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्या दाबून त्यांचंच गोळीवरचं कवच करायचं! ज्या पुंगळीला पुनर्जन्म नाही असं वर म्हटलं, तिला असा मिळाला. रॉक चक नावाच्या तिथल्या घुशीएवढ्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या, म्हणून त्याच्या कंपनीचं नाव आर.सी.बी.एस., 'रॉक चक बुलेट स्वेज'. आजही रिलोडरच्या टेबलावर हिरवं यंत्र दिसलं तर ते बहुधा त्यांचंच.

युद्ध संपलं आणि सैन्याकडे दारूचे डोंगर उरले. कॅन्ससमध्ये ब्रूस हॉजडन नावाचा गॅस कंपनीचा विक्रेता होता. त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढून पन्नास हजार पौंड शिल्लक सैनिकी दारू विकत घेतली. गिऱ्हाईक आहे की नाही याचा पत्ता नाही. भाड्याच्या कुरणात रेल्वेचा एक जुना डबा आणून उभा केला, ते गोदाम. 'अमेरिकन रायफलमन' मासिकात एक इंचाची जाहिरात दिली. दीडशे पौंडांचं पिंप तीस डॉलरला, वाहतूक वेगळी. पौंडाला वीस सेंट! एका पौंडात रायफलची शंभरावर काडतुसं होतात, तेव्हा दारू जवळपास फुकटच पडली. बायको हिशोब ठेवायची, मुलं माल पोचवायची. (आपल्याकडे पापड-लोणच्याचे धंदे याच पद्धतीने उभे राहिले, फक्त जोखीम जरा वेगळी.) युद्धावरून परतलेले, बंदूक सरावाची असलेले, नवीन घर आणि तळघर असलेले लाखो तरुण बाप हेच त्याचं गिऱ्हाईक. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने घरच्या वर्कशॉपमध्ये एक साधा संच बनवला, दाबयंत्राऐवजी हातोडी वापरून काम भागेल असा. मग प्रवेश-फीसुद्धा उरली नाही.

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने टपालाने काडतुसं मागवणं बंद केलं आणि दुकानदारांना नोंदी ठेवायला लावल्या. १९८६ मध्ये त्यातलं बरंच सैल झालं. पण मूळ मुद्दा दोन्ही काळांत तोच राहिला: स्वतःपुरतं भरा, परवाना नको. विकायला काढलंत, तर तुम्ही उत्पादक, परवाना घ्या.

आपल्याकडे हा प्रश्न सुरुवातीलाच मिटवून टाकलेला आहे. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिशांनी कुणाच्या भीतीने केला हे सांगायला नको. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळ्याचं उत्पादन परवान्याखाली ठेवलं. काडतूस कारखान्यातच व्हायचं, जसं खडकीला १८६९ पासून होतंय. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं, ते दोन्ही टू-टूवर. कायद्याने परवानगी असती तरी त्यांना काही भरता आलं नसतं. या पातळीवरचे नेमबाज दुसरंच करतात. कंपनीच्या चाचणीगृहात आपली रायफल नेतात, तिला एकेका बॅचची काडतुसं चारून पाहतात आणि जी बॅच मानवते तीच उचलतात. आमरसासाठी पेटी निवडावी तसं.

आता सहकाऱ्याच्या बायकोच्या न हसण्याकडे येऊ. समजा, यंत्र आणि सटरफटर मिळून चारशे डॉलर लागले आणि एका काडतुसामागे वीस सेंट वाचले. म्हणजे दोन हजार काडतुसांनंतर भांडवल सुटलं. चौघांचं कुटुंब दर शनिवारी दोनशे झाडत असेल तर दहा शनिवार. गणित चोख आहे. पण ते एक गोष्ट गृहीत धरतं: काडतूस स्वस्त झाल्यावरही तुम्ही दोनशेच झाडाल. कोळसा काटकसरीने जाळणारी इंजिनं आली की कोळसा कमी नाही तर जास्त जळतो, हे इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं. रिलोडर लोकांचा आपसातला ठरलेला विनोद तोच आहे: पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात दुप्पट फटफट होते. शिवाय वीस सेंट हे काडतुसाच्या जातीवर आहे. मोठ्या रायफलला बरेच वाचतात, नाइन एमएमला फार थोडे, टू-टूला शून्य. आणि बसायला लागणारे तास? ते धरले तर आयटीवाल्याने हा धंदा करूच नये. पण मग आयटीवाल्याने घरी पोळ्याही करू नयेत.

वहीत न येणारा एक खर्च मात्र खरा आहे. शिसं. पैसे वाचवायला लोक टायरच्या दुकानातून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं बादलीने आणायचे आणि गॅरेजमध्ये वितळवायचे. शिशाची वाफ, राख, हाताला-कपड्यांना लागलेली धूळ घरात येते, आणि मुलांच्या मेंदूला शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच सापडलेलं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने मुलांच्या रक्तातली लक्ष ठेवायची मर्यादा २०२१ मध्ये आणखी खाली आणली, डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम. लिचफिल्डच्या बागेतल्या लॉराला आणि मेरी अ‍ॅनला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आज शहाणी घरं तयार गोळ्या विकत आणतात. तेवढी बचत कमी.

आणि टिकली? ती दोनशे वर्षांत घरी आलीच नाही. अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या कंपन्या चारच: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर, रेमिंग्टन. २०१२-१३ मध्ये सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, कायदे कडक होतील या धास्तीने लोकांनी काडतुसांचा साठा केला आणि टू-टूसुद्धा दुकानांतून गायब झालं. तेव्हा ज्यांनी यंत्रं घेतली, त्यांना वाटलं आपण आता मोकळे. मग २०२० आलं. महामारी, रस्त्यावरची आंदोलनं, निवडणूक. बंदुकांची विक्री विक्रमी, त्यात रेमिंग्टनचं दिवाळं. कंपन्यांनी टिकल्या साहजिकच आधी स्वतःच्या तयार काडतुसांत घातल्या. पूर्वी दर नगाला तीन-चार सेंट पडणाऱ्या टिकल्या मिळतील तिथे कितीतरी पटीने विकल्या गेल्या आणि दुकानांनी माणशी एकच खोका असे रेशन लावले. तळघरांत पुंगळ्यांच्या बरण्या भरलेल्या, दारू आहे, गोळ्या आहेत, यंत्राला तेल दिलेलं, आणि हजारो लोक नुसते बसून.

नंतर टिकल्या परत आल्या, भाव मात्र पूर्वीच्या जागी परतले नाहीत. २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धामुळे नायट्रोसेल्युलोज तोफांकडे वळलं आणि दारूही महागली. रेमिंग्टनचा काडतुसांचा धंदा २०२० मध्ये फेडरल-सीसीआयच्या मालक कंपनीने विकत घेतला होता. चारातल्या तीन एका छपराखाली आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते अख्खं छप्पर प्राग शहरातल्या एका चेक उद्योगसमूहाने घेतलं. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, आणि आता मालक चेक. सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणूनच दहा हजार घेऊन ठेवल्यात." हे बायकोला माहीत आहे का, ते मी विचारलं नाही.